सिव्हिलमधलं एआरटी सेंटर : रिपोर्ट आल्यापासून पहिली गोळी हातात पडेपर्यंतचा अनुभव

एआरटी म्हणजे एचआयव्हीची औषधं, ती जिथे देतात ते हे सेंटर. रेटिंग पाचपैकी चार. एक स्टार का कापला ते खाली लिहिलंय, पण ज्यांच्याकडे वेळ नाही त्यांना आधीच सांगते, एचआयव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला असेल आणि पुढे काय करायचं सुचत नसेल तर आजच जवळच्या सरकारी हॉस्पिटलला जा, उद्यावर ढकलू नका, हे बाकीचं सगळं नंतर वाचा.

हॉटेलचे, मोबाइलचे, साध्या मिक्सरचे पण शेकड्याने रिव्ह्यू सापडतात, पण एआरटी सेंटरबद्दल आपल्या भाषेत कुणी अनुभव लिहिलेला मला तरी सापडला नाही. कारण उघड आहे, आपण तिथे गेलो होतो हेच कुणाला कळू द्यायचं नसतं. मी लिहितेय ते माझ्या धाकट्या भावाला विचारून. तो म्हणाला ताई लिही, फक्त माझं आणि गावाचं नाव टाकू नको. म्हणून कुठलं सिव्हिल ते सांगणार नाही, पश्चिम महाराष्ट्रातलं एक जिल्हा रुग्णालय आहे एवढं पुरे.

भाऊ तिशीतला, एमआयडीसीत कंपनीत कामाला, लग्न झालेलं. गेल्या पावसाळ्यात त्याला छातीच्या डाव्या बाजूने पाठीपर्यंत नागीण उठली, पाण्याने भरलेले फोड आणि आग एवढी की शर्टाचा कपडा लागला तरी ओरडायचा. घरात नेहमीचं सुरू झालं, काव लावा, अमक्या गावाला उतरवणारा आहे त्याच्याकडे न्या, दोन्ही टोकं जुळली तर माणूस जातो वगैरे. मी त्याला स्किनच्या डॉक्टरकडे नेलं आणि त्या बाईंनी एक गोष्ट फार चांगली केली, त्या म्हणाल्या की एवढ्या तरुण वयात एवढी जोरात नागीण येते तेव्हा एचआयव्हीची टेस्ट करून घ्यावी, दुसरंही कारण असू शकतं पण बघून घेऊ. कुठलंही लेक्चर नाही, तोंडावर कुठलाही भाव नाही. त्यांना मी पाचपैकी पाच देईन.

मग आम्ही घराजवळ म्हणून एका प्रायव्हेट हॉस्पिटलमध्ये टेस्ट केली आणि तिथे जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये. टेस्टच्या आधी कुणी काही समजावलं नाही, सही सुद्धा घेतली नाही. रिपोर्ट काउंटरवर बाकीच्या पेशंटसमोर उघडाच हातात दिला आणि देणारा मुलगा भावाकडे असा बघत राहिला की भाऊ तिथून सरळ पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिला. तिथले डॉक्टर म्हणाले की आधी सीडी४ (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) करू, लिव्हर किडनी करू, पंधरा दिवसांनी या, सीडी४ चांगला निघाला तर एवढ्यात गोळ्यांची गरज पण नाही, एकदा सुरू केल्या की आयुष्यभर घ्याव्या लागतात, तेव्हा घाई नको. त्यावेळी भावाला हे ऐकून बरंच वाटलं, कुणालाही वाटेल, गोळी नाही म्हणजे आजार नाही असं मन धरून बसतं.

त्या हॉस्पिटलचं नाव मी इथे घेत नाही पण दोन गोष्टी सांगणं भाग आहे. पहिली, २०१७ साली आपल्याकडे एचआयव्ही-एड्सचा कायदा झाला, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, त्यात स्पष्ट आहे की माणसाला समजावून सांगून त्याची संमती घेतल्याशिवाय टेस्ट करायची नाही, रिपोर्ट गुप्त ठेवायचा, आणि केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरीवरून काढायचं नाही की उपचार नाकारायचे नाहीत. दुसरी, सीडी४ बघून मग ठरवू हा सल्ला आता जुना झालाय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच सांगितलं की सीडी४ कितीही असो, एचआयव्ही असलेल्या प्रत्येकाला औषध सुरू करायचं, आणि भारताने २०१७ मध्ये हेच धोरण घेतलं. त्याच वर्षी संघटनेने पुढे जाऊन सांगितलं की निदान झाल्यापासून सात दिवसांच्या आत सुरू करा आणि पेशंटची तयारी असेल तर त्याच दिवशी. एवढी वर्षं उलटून गेल्यावर कुणी डॉक्टर पंधरा दिवसांनी या म्हणत असेल तर मला ते पटत नाही, आणि मी डॉक्टर नसले तरी हे ठामपणे लिहितेय.

त्या मधल्या दिवसांत घरात काय चाललं होतं ते सांगते, कारण माझ्या मते सगळ्यात घातक तेच दिवस असतात. भाऊ जेवत नव्हता, फोन बंद करून ठेवायचा, बायकोशी बोलत नव्हता, एकदा म्हणाला की मी सुरतला मित्राकडे निघून जातो, तिकडे काम बघतो. लांबच्या एका नातेवाइकाने कुठून कळलं देव जाणे पण फोन करून सांगितलं की एक वैद्य आहेत ते हा आजार मुळापासून घालवतात, तीन महिन्यांचा कोर्स, आणि पैसे आधी भरायचे. भाऊ पैसे भरायला तयार झाला होता. मी हात जोडून सांगते, एचआयव्ही मुळापासून घालवणारं औषध आज कुठल्याच पॅथीत नाही, जो तसं सांगतो तो तुमचे पैसे आणि त्याहून मौल्यवान असा तुमचा वेळ घेतोय. माणूस घाबरलेला आणि हातात औषध नाही, अशा वेळी जो पहिला भेटेल त्याच्या मागे तो जातो. आमच्या घरी हे डोळ्यासमोर घडलं.

शेवटी मी १०९७ ला फोन लावला. ही सरकारची एचआयव्हीची हेल्पलाइन आहे, टोल फ्री. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की प्रायव्हेटचा रिपोर्ट असू द्या, सिव्हिलमध्ये आयसीटीसी म्हणून तपासणी आणि समुपदेशनाचं केंद्र असतं, तिथे परत टेस्ट होईल आणि तिथूनच एआरटी सेंटरला पाठवतील, सगळं फुकट.

आता सिव्हिलचा अनुभव. आयसीटीसी जुन्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर आहे, लहानशी खोली, आत काउन्सेलर आणि शेजारी लॅबवाले. काउन्सेलर मॅडमनी मला बाहेर बसायला सांगितलं आणि भावाला एकट्याला आत घेतलं, मला आधी राग आला पण नंतर पटलं, बहिणीसमोर माणूस काय बोलणार. एकाच टेस्टवर पॉझिटिव्ह म्हणत नाहीत, तीन वेगवेगळ्या किटवर रक्त तपासतात आणि तिन्हीत आलं तरच पक्का रिपोर्ट देतात. रिपोर्ट बंद पाकिटात मिळाला, आणि त्या मॅडम स्वतः उठून आमच्यासोबत एआरटी सेंटरपर्यंत आल्या. कागद हातात देऊन तिकडे जा असं सांगितलं असतं तर भाऊ गेटमधून बाहेर पडला असता, हे मी लिहून देते. कॉरिडॉरमधून चालताना त्या त्याच्याशी कंपनीच्या शिफ्टबद्दल बोलत होत्या. या एका कामासाठी मी त्यांना विसरणार नाही.

एआरटी सेंटरला पहिल्यांदा नोंदणी. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो, यांच्या झेरॉक्स सोबत न्या, हॉस्पिटलच्या गेटवरच्या झेरॉक्सवाल्याकडे दुपारी गर्दी असते. एक हिरवं पुस्तक मिळतं, त्यात वजन, तारीख, कुठल्या गोळ्या, पुढची तारीख हे सगळं लिहितात, आणि ते प्रत्येक वेळी न्यावं लागतं. वजन उंची घेतली, रक्त घेतलं, सीडी४, हिमोग्लोबिन, लिव्हर, किडनीचं क्रिएटिनिन, कावीळ ब आणि क, गुप्तरोगाची तपासणी. मग डॉक्टर.

डॉक्टर तरुण होते, समोर लाइन लागलेली तरी त्यांनी घाई केली नाही. खोकला आहे का, ताप येतो का, वजन घटलंय का, रात्री घाम येतो का, हे चार प्रश्न त्यांनी नीट विचारले, कारण टीबी असेल तर आधी टीबीचं औषध सुरू करून मग दोन आठवड्यांच्या आत एआरटी आणतात. मग विचारलं की डोकं सतत दुखतं का, मान आखडते का, डोळ्यासमोर धूसर दिसतं का. मी न राहवून विचारलं की याचा काय संबंध, तर म्हणाले मेंदूच्या आवरणाला टीबीचं किंवा बुरशीचं इन्फेक्शन असेल तर एआरटी काही आठवडे थांबवून आधी त्याचा उपचार करावा लागतो, नाहीतर प्रतिकारशक्ती एकदम जागी होऊन मेंदूत सूज वाढते आणि जिवावर बेततं. म्हणजे थांबायची खरी कारणं आहेत, पण ती अशी मोजकी आहेत आणि ती अर्ध्या तासात विचारून तपासून बघता येतात. भावाला यातलं काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले की रक्ताचे रिपोर्ट येतील तसे बघू, त्यासाठी गोळी अडवून ठेवायची गरज नाही, काउन्सेलरशी बोला आणि तयारी असेल तर आजच न्या.

भावाचा प्रश्न तोच होता जो बहुतेकांचा असणार. आयुष्यभरच घ्यायची आहे तर दोन वर्षांनी सुरू केली तर काय बिघडलं, तेवढी दोन वर्षं तरी गोळीशिवाय जातील. एआरटीच्या काउन्सेलर मॅडम, पन्नाशीच्या असतील, म्हणाल्या, "दादा, तुम्ही गोळी घेतली नाही म्हणून तो विषाणू काही गप्प बसत नाही. रोज अब्जावारी नवे तयार होतायत. तुम्हाला काही होत नाही असं वाटतंय आणि आत सैन्य कमी होत चाललंय. नागीण कशाने आली मग?" भाऊ गप्प झाला. मग त्यांनी विचारलं, "बायकोची टेस्ट झाली का?" नव्हती झाली.

घरी येऊन मी याच्यावर बरंच वाचलं आणि त्या मॅडम जे बोलल्या त्याला भक्कम आधार आहे. २०१५ मध्ये स्टार्ट नावाचा मोठा अभ्यास जाहीर झाला, ३५ देशांतली ४,६८५ माणसं, सगळ्यांचा सीडी४ ५०० च्या वर म्हणजे तब्येत ठणठणीत, अर्ध्यांना लगेच औषध दिलं आणि अर्ध्यांना सीडी४ ३५० पर्यंत उतरेपर्यंत थांबवलं, तर लगेच सुरू केलेल्यांमध्ये गंभीर आजाराचा आणि मृत्यूचा धोका ५७ टक्क्यांनी कमी निघाला. सीडी४ चांगला आहे म्हणून थांबा या सल्ल्याचा तिथेच निकाल लागला. त्याच्या आधी २०११ मध्ये एका अभ्यासात १,७६३ जोडपी होती, एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही अशी, त्यात लवकर औषध सुरू केलं तर जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटलं. त्यात आपल्या पुण्याची जोडपी पण होती, भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था त्या अभ्यासात सामील होती. आपल्याच इकडच्या नवरा-बायकोंनी दिलेल्या रक्तातून जगाला कळलेली गोष्ट आपल्याच इकडच्या डॉक्टरपर्यंत पोचलेली नसते याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि त्याच दिवशी गोळी देण्याबद्दल हैतीमधला एक अभ्यास आहे, २०१७ चा. काही पेशंटना टेस्टच्या दिवशीच गोळी दिली आणि काहींना नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे आधी चार फेऱ्या मारायला लावून. वर्षभराने त्याच दिवशीवाल्यांमधले ८० टक्के उपचारात टिकून होते, दुसऱ्या गटातले ७२ टक्के. आठ टक्के ऐकायला लहान वाटतं, पण शंभर माणसांमागे आठ माणसं, आणि सुरतला निघालेला माझा भाऊ त्या आठात धरा.

लाइनमध्ये आमच्या शेजारी एक काकू बसल्या होत्या, लुगड्याचा पदर डोक्यावरून घेतलेल्या, हातात कापडी पिशवी. सरकारी एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली, आठ हॉस्पिटलांपासून, तेव्हाच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या पेशंट. त्यांनी सांगितलं की तेव्हा सीडी४ २०० च्या खाली गेल्याशिवाय गोळी मिळत नसे. त्यांचे मालक दर सहा महिन्यांनी तपासून यायचे आणि प्रत्येक वेळी अजून वर आहे, अजून वर आहे, असं ऐकून परत जायचे, आणि खाली आला तेव्हा टीबी अंगभर पसरलेला होता. "आमच्या वेळेला थांबायला लावायचे, तुम्हाला आज देत्यात तर घेऊन जावा," एवढंच म्हणाल्या भावाला. काउन्सेलरच्या बोलण्यापेक्षा याचा परिणाम जास्त झाला असं मला वाटतं. तेव्हा डॉक्टर चुकीचं वागत होते असं नाही, औषधंच तशी होती, कुणाने हिमोग्लोबिन उतरायचं, कुणाने अंगावर पुरळ यायचं, कुणाने गाल बसायचे, म्हणून जमेल तेवढं पुढे ढकलायचे. आता ते कारण उरलेलं नाही.

आता जी गोळी देतात तिला टीएलडी म्हणतात, टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्रावीर ५०, तिन्ही एकाच गोळीत, दिवसातून एकदा. आधीच्या टीएलई गोळीत एफाविरेन्झ असायचं ते रात्रीच घ्यावं लागायचं, चक्कर यायची, भलतीसलती स्वप्नं पडायची, ती कटकट यात नाही. ही गोळी जोरदार आहे, विषाणूला हिच्याविरुद्ध सहज तयार होता येत नाही, त्यामुळे आधी लांबलचक टेस्टची वाट बघत न बसता सुरू करता येते.

फार्मसीची खिडकी हा या सेंटरचा माझ्या मते सगळ्यात चांगला भाग. फार्मासिस्ट सरांनी पांढरी प्लास्टिकची बाटली आमच्यासमोर उघडली, वरचं सील काढलं, आतली छोटी पुडी दाखवली आणि म्हणाले ही टाकायची नाही, ही ओल शोषते, आणि गोळ्या दुसऱ्या डबीत काढून ठेवायच्या नाहीत. मग बाटली कानाजवळ हलवून दाखवली आणि विचारलं की घरात कुणाला सांगायचं नाहीये का, कारण बाटली बॅगेत खडखडते. आम्ही हो म्हणालो तर त्यांनी टेबलाखालून कापसाचा बोळा काढून बाटलीत वरून भरला, आता हलवा म्हणाले. आवाज बंद. मी इतक्या दुकानांत गेलेय पण गिऱ्हाईकाची अडचण न सांगता ओळखणारा माणूस क्वचित भेटतो. पुढच्या वेळी बाटली सोबत आणायला सांगितलं, उरलेल्या गोळ्या मोजतात, चुकल्या असतील तर ओरडत नाहीत, का चुकल्या ते विचारतात. विसरलात तर आठवेल तेव्हा घ्या पण दोन एकदम घेऊ नका, हेही सांगितलं.

अजून एक गोष्ट त्यांनी विचारली जी प्रायव्हेटमध्ये कुणाच्या डोक्यातही आली नसती, अ‍ॅसिडिटीचं काही घेता का. भाऊ शिफ्टमुळे रोज ते गुलाबी औषध पितो. तर ते अँटासिड, आणि कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या सुद्धा, डोल्युटेग्रावीरला पोटात धरून ठेवतात आणि ते अंगी लागत नाही, म्हणून एआरटीची गोळी अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. शुगरची मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही सांगा, डोस बघावा लागतो. टीबीचं औषध चालू असेल तर डोल्युटेग्रावीरची जास्तीची एक गोळी बारा तासांनी देतात. घरी आणखी काय काय गोळ्या चालतात त्याची चिठ्ठी करून न्या, तिथे आठवत नाही.

भावाने पहिली गोळी त्याच दिवशी सेंटरच्या बाहेरच्या नळावर पाणी पिऊन घेतली, घरी नेऊन मग बघू असं नाही. साइड इफेक्ट म्हणाल तर सुरुवातीला झोप उडाली आणि थोडं डोकं दुखायचं. फोनवर विचारलं तर मॅडम म्हणाल्या रात्रीऐवजी सकाळी घ्या, आणि त्याने झोप परत आली. वजन वाढतं म्हणतात, त्याचं वाढलं पण ते आधी इतकं उतरलं होतं की आम्हाला आनंदच झाला. किडनीची तपासणी अधूनमधून करत राहतात. एक मात्र लक्षात ठेवा, सुरुवातीच्या आठवड्यांत ताप आला, गाठी सुजल्या, खोकला सुरू झाला तर गोळी वाईट आहे असं समजून बंद करू नका, सरळ सेंटरला जा, कधीकधी आत लपलेलं इन्फेक्शन प्रतिकारशक्ती वाढल्यावर वर येतं आणि त्याला उपचार असतो. आणि कावीळ ब असेल त्याने तर ही गोळी आपल्या मनाने अजिबात थांबवू नये, लिव्हर भडकू शकतं.

त्याच्या बायकोचं सांगायचं राहिलं. तिला सांगणं हे सगळ्यात अवघड होतं आणि ते काउन्सेलर मॅडमनी दोघांना समोर बसवून करायला लावलं, मी तिथे नव्हते म्हणून आत काय बोलणं झालं ते माहीत नाही आणि विचारलंही नाही. तिची टेस्ट निगेटिव्ह आली. तीन महिन्यांनी परत करायला लावली कारण अगदी ताजी लागण टेस्टमध्ये लगेच दिसत नाही, तीही निगेटिव्ह. भावाचा व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे ते) सहा महिन्यांनी झाला आणि रिपोर्टवर टार्गेट नॉट डिटेक्टेड आलं, म्हणजे मशीनला विषाणू सापडलाच नाही. आजार गेला असा त्याचा अर्थ नाही, गोळी थांबवली की परत वर येतो. पण व्हायरल लोड असा दबलेला राहिला की संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही, हे आता जगभर सिद्ध झालेलं आहे. मॅडमनी हे त्या दोघांना सांगितलं तेव्हा, भाऊ म्हणतो, बायको पहिल्यांदा त्या खोलीत रडली. मूल हवंय त्यांना, तेही होऊ शकतं असं सांगितलंय.

आता कापलेला स्टार.

एक, पाटी. लाल अक्षरात एवढी मोठी पाटी आणि तिच्याखाली बाकं, आणि समोरूनच हाडांच्या ओपीडीला जायचा रस्ता. गावातलं कुणी ना कुणी गुडघे दाखवायला येतंच. भाऊ तोंडाला रुमाल बांधून बसतो. पाटी लहान करा, बसायची जागा आत घ्या, याला फार पैसे लागत नाहीत.

नाव मोठ्याने पुकारणं हा दुसरा प्रकार. सगळे करत नाहीत, दाराशी एक जण बसतो तो करतो. नंबर द्या ना. आम्ही डॉक्टरांना सांगितलं, ते बोलले त्याच्याशी, थोडे दिवस बरं चाललं आणि परत तेच. गुप्तता हा कायद्याने दिलेला हक्क आहे आणि माणसं उपचार सोडतात त्याचं हे एक मोठं कारण आहे, त्यामुळे ही तक्रार मी छोटी मानत नाही.

वेळ. सगळं कामाच्या वेळेतच, रविवारी बंद. सुरुवातीला लवकर लवकर बोलावतात, मग महिन्याला, आणि सगळं नीट चाललं की तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम. पण सुरुवातीच्या त्या महिन्यांत कंपनीत दर वेळी काय सांगून सुट्टी काढायची. रोजंदारीवरच्या माणसाचा तर तेवढा खाडा पडतो. आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी सेंटर उघडं ठेवलं तर कितीतरी लोकांची सोय होईल. ज्यांची नोकरी दुसऱ्या जिल्ह्यात आहे त्यांनी लक्षात ठेवा, ट्रान्सफर लेटर घेऊन तिकडच्या सेंटरला नाव लावून घेता येतं, आणि तालुक्याला लिंक एआरटी सेंटर असेल तर गोळ्या तिथून मिळतात, पण हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. व्हायरल लोडचा रिपोर्ट यायला पण वेळ लागतो, रक्त बाहेर पाठवतात म्हणून.

काउन्सेलर एकच आणि बाहेर रांग. त्या बाई दुपारी डबा उघडतात आणि अर्धा खाऊन परत बोलवायला लागतात, हे मी स्वतः पाहिलंय. एवढ्या मोठ्या सेंटरला अजून एक माणूस द्यायलाच हवा.

पण स्टार एकच कापला, कारण मी सेंटरचं माप एकाच गोष्टीवर घेते, रिपोर्ट आणि पहिली गोळी यांच्यामध्ये त्यांनी माणसाला किती दिवस लोंबकळत ठेवलं. प्रायव्हेटमध्ये एसी होता, खुर्च्या मऊ होत्या आणि बिल पण तगडं होतं, आणि गोळी नव्हती. इथे नळाला धड तोटी नाही पण आयसीटीसीचा रिपोर्ट आला त्याच दिवशी गोळी होती. ज्यांना परवडतं आणि ज्यांना सरकारीत जायचंच नाही त्यांनी प्रायव्हेटला जरूर जावं, चांगले डॉक्टर तिकडेही आहेत, फक्त पहिला प्रश्न हाच विचारा की औषध कधी सुरू करणार, आणि थांबायला सांगितलं तर कशासाठी थांबायचं ते विचारा. टीबी किंवा मेंदूचं काही असं नेमकं कारण सांगितलं तर ऐका. नुसतं बघू म्हणाले तर उठा.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. सकाळी ओपीडी उघडायच्या आधी पोचा, दुपारनंतर लॅब रक्त घेत नाही. आधी आयसीटीसी, मग एआरटी, उलटं गेलात तर परत पाठवतात. बायको, नवरा, लहान मुलं यांची टेस्ट राहिली असेल तर त्यांनाही त्याच दिवशी घेऊन जा, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिच्या बाबतीत एक दिवसही घालवू नका, आईला गोळी वेळेत मिळाली आणि जन्मल्यावर बाळाला औषध दिलं तर बाळाला लागण व्हायची शक्यता अगदी कमी होते. परिस्थिती बेताची असेल तर संजय गांधी निराधार योजनेबद्दल काउन्सेलरला विचारा, त्यात एचआयव्हीच्या पेशंटना बसवता येतं, कागद कुठले लागतात ते त्याच सांगतात. सेंटर कुठे आहे माहीत नसेल तर १०९७. फोन करताना नाव सांगायची सक्ती नाही.